भेटीचं तिकीट

आमच्या कॉलनीत कोणाच्या घरी ताप-खोकला शिरला की डॉक्टरांच्या आधी तिथे एक लोखंडी स्टूल पोहोचतं. फाटकाच्या आत, दाराच्या बाहेर, उंबरठा अडवून ते मांडलं जातं आणि त्यावर गावंडेभाऊ बसतात. अंगात जुना खाकी सदरा, गळ्यात चामड्याची पिशवी, नाकातोंडावर दुपट्टा आणि हातात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. पेशंटला भेटायला आलेला माणूस फाटकाशी दिसला की ते चिमटा दोनदा टकटक वाजवतात आणि म्हणतात, "थांबा! अंदर सीट खाली नाई. भेटीचं तिकीट घ्या आन् पुढं चला."

आणि खरोखरच तिकीट फाडतात. ही तिकिटं ते घरी बसून जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापून तयार करतात. पट्टीवर भेटायला आलेल्याचं नाव, वार आणि दोन शब्दांचा निरोप लिहायचा. "लवकर बरे व्हा." "डबा पाठवू काय?" अर्धी पट्टी भोक पाडून पाहुण्याच्या हातात आणि अर्धी खिडकीतून पेशंटच्या उशाशी. पाहुण्याकडे भेटायला आल्याचा पुरावा राहिला, पेशंटला कोण कोण आलं ते कळलं, आणि तापाचा विषाणू मात्र घरातल्या घरात अडकून पडला.

पुंजाजी गावंडे छत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. अकोट, बाळापूर, अकोला, अमरावती, असं सगळं वऱ्हाड त्यांनी उभ्याने पालथं घातलं. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी भाऊ अजून गाडीतून उतरलेले नाहीत. देवळातल्या आरतीला गर्दी झाली की "चाला पुढं, मधात जागा हाय" म्हणतात. स्वतःच्या घराचं दार लावून घेताना आधी दोनदा बेल वाजवतात. घरात एकटेच असतात. मुलगा पुण्याला, बायको वारलेली. त्या बेलवर आतून हलणारं कोणी नाही, पण बेल वाजवल्याशिवाय त्यांचं दार लागत नाही.

आता मी कोण ते सांगतो, कारण ते या कॉलनीत कोणी विचारत नाही. मी एकतीस वर्षं हायस्कूलात जीवशास्त्र शिकवलं. विषाणू या विषयावर बाळापूर नाक्यापासून आमच्या कॉलनीच्या शेवटच्या घरापर्यंत बोलायचा अधिकार कोणाचा असेल, तर तो माझा आहे. आणि फ्लूच्या बाबतीत नाव मात्र झालं ते बारावी नापास गावंड्याचं. मला हेवा वाटायचा. आडपडदा कशाला ठेवू? सकाळी चहा घेताना वाटायचा, फिरायला जाताना वाटायचा, आणि ते स्टूल कोणाच्या दारात दिसलं की दुप्पट वाटायचा.

जास्त कशाचा वाटायचा सांगू? हे सगळं त्यांनी माझ्याकडूनच उचललं होतं.

दोन वर्षांमागे पावसाळ्यात कॉलनीत फ्लूने धुमाकूळ घातला, तेव्हा मी समाजमंदिरात व्याख्यान ठेवलं. विषय, 'इन्फ्लुएंझा : कारणे, लक्षणे व प्रतिबंध'. आठ दिवस बसून विषाणूचा चौरंगी तक्ता काढला. बेचाळीस घरांपैकी सात माणसं आली. त्यातली दोन घरची वीज गेली म्हणून पंख्याखाली बसायला आली होती आणि एक माझी बायको होती. मी पावणेदोन तास बोललो. खोकल्याचे तुषार किती लांब जातात, बंद खोलीत काय होतं, हात का धुवायचे, आजाऱ्याने वेगळं का राहायचं. शेवटी "काही शंका?" विचारलं, तर मागून आवाज आला, "सर, चहा हाय काय?"

एकटे गावंडेभाऊ पहिल्या सतरंजीवर बसून वहीत लिहून घेत होते. ते उठून म्हणाले, "सर, मंजे हा विदाउट पॅसेंजर झाला. माणसाच्या अंगावर चढते, तिकीट काढत नाई, आन् पुढच्या स्टॉपवर उतरून दुसऱ्याच्या अंगावर चढते. बराबर?"

मी म्हणालो, "गावंडे, विषय इतका सोपा नाही."

"सोपा नाई तं मंग लोकाइले समजीन कसा?" असं म्हणून त्यांनी वही मिटली.

त्यानंतर आठवड्याभरात राऊतकाकूंना ताप आला. आता आमच्याकडे आजारी माणसाला पाहायला जाणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगायला हवं. ही औपचारिकता नाही, हे कर्तव्य आहे. न गेलात तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. "मी मरून राह्यली होती, आन् तुमचा पाय लागला नाई." म्हणून सगळे जातात. बिस्किटांचा पुडा घेऊन जातात, पेशंटच्या पलंगावरच बसतात, कपाळाला हात लावून पाहतात, आणि आपल्या नात्यात याच तापाने कोण कोण गेलं ते सांगून, चहा पिऊन उठतात. राऊतकाकूंच्या पहिल्या दिवशी तेवीस माणसं येऊन गेली. चौथ्या दिवशी त्यातली अकरा अंथरुणाला खिळली होती, आणि मग त्या अकरांना पाहायला उरलेली कॉलनी निघाली.

मी दारोदार जाऊन सांगितलं, "जाऊ नका." लोक माझ्याकडे असे पाहायला लागले की जणू मी माणुसकी बंद करा म्हणतोय. "सर, तुमचं पुस्तकातलं बराबर हाय, पण गेलं नाई तं बरं दिसते काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी राऊतकाकूंच्या दारात ते स्टूल आलं. "जाऊ नका" हे शब्द भाऊंनी एकदाही उच्चारले नाहीत. ते म्हणाले, "या ना! भेट तं झालीच पायजे. पण भेट इथंच दाराशी लागते. हे घ्या तिकीट." लोक आधी हसले, मग तिकीट घेऊन गेले. भेटही झाली, वर्षभराचं ऐकून घेणंही टळलं, आणि पलंगावर कोणी बसलं नाही. दुपारी राऊतकाकूंचा भाऊ अकोटहून एसटीने आला आणि चिडला. "मी सख्खा भाऊ हाय! मले कोण अडवते?" गावंडेभाऊ उठले, नमस्कार केला आणि म्हणाले, "सख्ख्याले खिडकीची सीट." त्याला बाहेरून खिडकीपासून चार हातांवर खुर्ची मांडून दिली. बहीण-भाऊ अर्धा तास बोलले. जाताना त्याने गावंडेभाऊंच्या पाठीवर थाप मारली.

जे मी पावणेदोन तासांत समजावू शकलो नव्हतो, ते त्या माणसाने लग्नपत्रिकेच्या पट्टीवर करून दाखवलं होतं. मी घरी येऊन तक्ता गुंडाळून कपाटावर टाकला.

लसीचंही तसंच. डॉक्टरांनी कॉलनीतल्या म्हाताऱ्यांना फ्लूची लस घ्यायला सांगितली होती. हा विषाणू रूप कसं बदलतो, ते मी प्रत्येकाला ओट्यावर बसून समजावलं. एकही जागचा हलला नाही. एके सकाळी गावंडेभाऊ ऑटो घेऊन चौकात उभे राहिले आणि एसटी स्टँडवरच्या आवाजात ओरडले, "दवाखाना, दवाखाना, दवाखाना! एकच सीट खाली!" ऑटोत कोणीच नव्हतं. पण एकच सीट म्हटल्यावर तीन म्हातारे चपला शोधत धावले. दुपारपर्यंत भाऊंच्या सहा फेऱ्या झाल्या.

आमच्या भागातल्या आशा कार्यकर्त्या संगीताताई पूर्वी माझ्याकडे यायच्या. "सर, हे पत्रक समजावून द्या ना." आता त्या माझ्या फाटकावरून सरळ पुढे जातात आणि गावंडेभाऊंच्या ओट्यावर टेकतात. "भाऊ, कोणाच्या घरी खोकला हाय?" भाऊंना सगळं ठाऊक. छत्तीस वर्षं खचाखच भरलेल्या गाडीत उभं राहून त्यांचे कान तयार झालेले. मागच्या सीटवर कोण खोकलं, ते पाठ न फिरवता सांगतात. "ओकारीवाला खिडकीत आन् खोकल्यावाला मांगच्या सीटवर," हे त्यांचं वैद्यकशास्त्र. आणि गंमत अशी की ते चुकीचं नाही.

घरीही सुख नव्हतं. माझी बायको सुमन बडनेऱ्याची. मी घरातही पुस्तकी मराठी बोलतो, ती मला चिडवायला मुद्दाम वऱ्हाडी बोलते. एकदा मी म्हणालो, "गावंडे जे सांगतात ते सगळं मी आधीच सांगितलं होतं."

"हो, सांगतलं होतं," ती भाजी निवडत म्हणाली. "भाऊ बोलते ते थोडंसंच, पण ध्यानात राह्यते. तुमचं आयकता आयकता माणसाले झोप लागते."

गेल्या वर्षी कॉलनीने गावंडेभाऊंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. मानपत्र लिहायला कोण? मी. शुद्धलेखन माझं चांगलं आहे ना! 'आरोग्यदूत' हा शब्द मी लिहिला, दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा दात-ओठ खात लिहिला. कार्यक्रमात भाऊ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "मले काई समजत नाई. जे काई हाय ते सरनं शिकोलं. मी निस्ता कंडक्टर. गाडी सर चालवते." टाळ्या पडल्या. माणूस मोठेपणाही स्वतःकडेच घेऊन गेला, असं मला वाटलं, आणि त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

इतकं सगळं सांगितलं ते पुढचं कळावं म्हणून. यंदाच्या महालक्ष्म्यांची गोष्ट आहे.

आमच्या घरी महालक्ष्म्या बसतात. दुसऱ्या दिवशीचं जेवण म्हणजे सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, कढी, वडे, देवीच्या डोक्यावर टांगलेला करंज्यांचा फुलोरा आणि सगळी कॉलनी पंगतीला. सुमन तीन दिवस आधीपासून उभी असते. आणि आमच्या घराण्याची एक रीत आहे. पुरणावरचं तूप घरधन्यानेच वाढायचं. एका हातात तुपाचं भांडं, दुसऱ्या हातात पळी, प्रत्येकाच्या पानापुढे वाकायचं, तोंडाकडे पाहून "वाढू?" विचारायचं आणि तो नको म्हणेपर्यंत थांबायचं नाही. माझ्या वडिलांनी वाढलं, मी वाढतो. वर्षात त्या एका दुपारी या कॉलनीतला प्रत्येक माणूस मान वर करून माझ्याकडे पाहतो.

त्या दिवशी पहाटे मी उठलो तो अंग ठणकत होतं. घसा सुजलेला, डोळे जड. फ्लू काय असतो ते मला कोणी शिकवायला नको. मी थर्मामीटर लावला, पाहिला आणि टॉवेलांच्या घडीखाली ठेवून दिला.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? अर्ध्या तासात ते स्टूल माझ्या दारात आलं असतं. माझ्या महालक्ष्म्यांच्या दिवशी, माझ्या उंबरठ्यावर गावंड्या बसला असता आणि माझ्याच पाहुण्यांना तिकिटं फाडून परत पाठवलं असतं. सुमनचे तीन दिवस पाण्यात गेले असते. पण ही सुमनची सबब मी मनाशी नंतर पुढे केली. खरं कारण ते स्टूल होतं. मी तापाची गोळी घेतली, अंघोळ केली, सोवळं नेसलो आणि मनाशी म्हणालो, दोन तासांचा तर प्रश्न आहे. एकतीस वर्षं ज्याने मुलांना संसर्ग शिकवला, तो हे स्वतःशी म्हणाला.

दुपारी पहिली पंगत बसली. चाळीस पानं होती. म्हाताऱ्या होत्या, कडेवरची लेकरं होती. मी तुपाचं भांडं उचललं आणि वळलो, तर समोर गावंडेभाऊ. त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि भांड्याला हात घातला.

"सर, आज तूप मी वाढतो."

"भाऊ, ही आमच्या घराची रीत आहे."

"मले ठाव हाय. पण माहा नवस हाय." आणि हे ते सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले. "सरच्या घरी महालक्ष्मीले तूप वाढीन, असा मी नवस बोललो होतो. आन् तूप वाढून होयेपर्यंत घरधन्यानं मांगच्या वऱ्हांड्यात बसाचं. कोणासंग बोलाचं नाई."

असला नवस मी जन्मात ऐकला नव्हता. पण नवसाला नाही कोण म्हणणार? पंगतीतून राऊतकाकू म्हणाल्या, "वाढू द्या सर, नवस हाय त्याइचा." मी भांडं सोडत नव्हतो, ते ओढत होते, आणि त्या ओढाताणीत मला शिंक आली. ती सरळ त्यांच्या तोंडावर गेली. त्या दिवशी तोंडावर दुपट्टा नव्हता. जेवायला आलेला माणूस तोंड बांधून कसा येईल?

"कढीची फोडणी," मी म्हणालो.

"हो," तोंड पुसत ते म्हणाले, "फोडणी लय झणझणीत हाय."

मागच्या वऱ्हांड्यात एकटा बसून मी ऐकत होतो. "भाऊ, बस झालं!" "भाऊ, अजून एक पळी!" माझ्या घरात, माझ्या देवीसमोर, माझं तूप तो माणूस वाढत होता आणि वाहवा घेत होता. मध्येच येऊन त्याने घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. तेवढंही मला सहन झालं नाही. माझ्या खिडक्या उघडणारा हा कोण?

संध्याकाळी पाहुणे गेले आणि मी आडवा पडलो तो उठलो नाही. सुमनला टॉवेलांखाली थर्मामीटर सापडला. तिने तो धुऊन माझ्या उशाशी ठेवला. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

सकाळी अर्थातच स्टूल दारात होतं. दोन दिवस गावंडेभाऊ सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसले. खिडकीतून तिकिटं येत होती. दोन दिवसांत नऊ. मी ती उशाखाली ठेवली आणि मनात हिशोब केला, राऊतकाकूंना एकोणीस आली होती. शिवाय नऊपैकी एकही गावंड्यांच्या नावाचं नव्हतं. मी बंद दाराआडून सुमनला म्हणालो, "दारात बसून मिरवतो, पण स्वतः एका शब्दाने चौकशी केली का?"

"ते बसले तं हायेत बाहेर," सुमन म्हणाली.

"बसणं वेगळं आणि भेटणं वेगळं."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती दाराशी येऊन म्हणाली, "आज स्टूल नाई आलं."

मला आधी बरं वाटलं. कंटाळला एकदाचा, असं वाटलं. दुपारी संगीताताई सांगत आल्या की भाऊंना रात्रीपासून सणकून ताप आहे. बाकी कॉलनीत पंगतीनंतर कोणाला काही झालं नव्हतं. चाळीस पानांच्या त्या पंगतीतून ताप फक्त एकाला आला होता, आणि तो कोणाच्या शिंकेचा, ते मला आणि त्यालाच माहीत होतं.

भाऊंचं वय अडुसष्ट. छत्तीस वर्षं धूळ आणि धूर खाऊन छाती आधीच अधू. संगीताताई दिवसातून दोनदा त्यांच्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावत होत्या. त्यांच्या तापाच्या तिसऱ्या दिवशी आकडा खाली गेला. डॉक्टर येऊन गेले, औषध बदललं आणि म्हणाले, उद्या सकाळपर्यंत चढला नाही तर भरती करावं लागेल. मी पलंगावर पडून देवीला नव्हे, त्या बोटाच्या चिमट्याला हात जोडत होतो. हा माणूस गेला तर माझ्या हेव्याने गेला, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. मला जिंकायचं होतं, पण असं नाही हो.

सकाळी आकडा चढला. मी अंगावर पांघरूण ओढून रडलो.

ताप उतरून पुरते दोन दिवस झाल्यावर मी तोंड बांधून घराबाहेर पडलो. भाऊंच्या फाटकाशी चार-पाच माणसं घोटाळत होती. राऊतकाकू हातात बिस्किटांचा पुडा घेऊन परत निघाल्या होत्या.

"काय झालं?"

"स्टूलच नाई ना सर. चार दिवस झाले, रोज येतो आन् वापस जातो. तिकीट द्याले कोणी नाई, तं भेट कशी लागीन?"

दुसऱ्याच्या दारात बसणाऱ्या या माणसाच्या दारात बसायला कोणी नव्हतं. लोकांना त्याने इतकं तयार केलं होतं की स्टुलावाचून कोणाला उंबरठ्यापर्यंत जाताच येईना. चार दिवसांत खिडकीतून आत गेला तो फक्त सुमनचा डबा. निरोप एकही गेला नव्हता.

वऱ्हांड्यात स्टूल होतं. मी ते दारासमोर ओढलं आणि बसलो. आतून क्षीण आवाज आला, "कोण हाय?"

"मी. सर."

आत खाट कुरकुरली. मग, "पिशवी खुंटीले हाय सर. चिमटा पिशवीत हाय. आन् वेबिल भरत जा."

वेबिल म्हणजे कंडक्टरने प्रत्येक फेरीचा लिहायचा कागद. भाऊंनी त्यासाठी वही केली होती. दर घराचं एक पान, कोण आजारी, कोण येऊन गेलं. राऊतकाकूंचं पहिलं तिकीट फाडून मी नाव लिहायला वही उघडली आणि मागचं पान दिसलं. वर माझं नाव होतं. तारीख महालक्ष्म्यांच्या जेवणाची.

'सरले ताप. डोये लाल, बोलतानी दम. पंगत बसली होती, आता गाडी रद्द करता येत नाई. सरले मांगच्या सीटवर हवेशीर बसोलं. खिडक्या उघडल्या. तूप सोता वाढलं. नवसाचं खोटं बोललो, महालक्ष्मी माफ करो. कोणाले सांगाचं नाई. सर शिकोनारा माणूस हाय, इज्जत जाऊ नये.'

मी ते दोनदा वाचलं. राऊतकाकू तिकिटासाठी हात पुढे करून उभ्या होत्या, त्यांना मी ते दिलं आणि तोंड फिरवलं.

त्या गेल्यावर मी खिडकीपासून चार हातांवर उभा राहिलो. "भाऊ, तुम्हाला कळलं होतं, तर सगळ्यांसमोर सांगितलं का नाही?"

"छत्तीस वर्स झाले सर," ते थांबत थांबत बोलले, "विदाउट पॅसेंजरले मी कधी भरल्या गाडीत बोललो नाई. बाजूले नेऊन सांगत जाओ. त्याच्या संगं बायको-लेकरं बसले राह्यते ना."

"मी तुमच्या तोंडावर शिंकलो, भाऊ."

"तुमी मुद्दाम शिंकले काय?"

मुद्दाम नाही, पण लपवलं मुद्दाम होतं. तुमचा हेवा वाटतो म्हणून लपवलं, असं मी स्पष्ट सांगितलं. त्यांना ते फारसं कळलं नसावं किंवा कळून त्यांनी सोडून दिलं. ते भलतंच सांगू लागले.

"वत्सलाले बी असाच ताप होता. अकोटले होतो तवा. लोक पाहाले आले. साठ, सत्तर... मले लय भारी वाटे सर, का माह्या बायकोले पाहाले इतके लोक येते. मी सगळ्याइले च्या करो. आन् कोणी आलं का ते उठून बसे. डोक्शावर पदर घे. चार दिवस तिले कोणी झोपू देलं नाई." थोडा खोकला आला. "पाचव्या दिवशी झोपली. मंग उठलीच नाई. तवा दारात कोणीतरी बसाले पायजे होतं. मीच बसाले पायजे होतं."

पावणेदोन तासांच्या माझ्या व्याख्यानात हे कुठेच नव्हतं.

दिवसभर मी तिकिटं फाडली. स्टूल आलेलं दिसताच फाटकाशी रांग लागली. "पुढं चला," मी म्हणत होतो. आधी पुस्तकी आवाजात, मग जमायला लागलं. एकेक पट्टी खिडकीतून आत टाकत होतो. चार वाजता आतून विचारणा झाली, "किती झाले सर?"

"चौतीस."

"चौतीस?" आवाजात एकदम जान आली. "तुमाले किती होते?"

"नऊ," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, त्याही वेळी कुठेतरी बारीकसं टोचलंच.

मग मी पस्तिसावं तिकीट फाडलं. त्यावर माझं नाव लिहिलं, वार लिहिला. निरोपाच्या जागी 'माफ करा' लिहिलं, भोक पाडलं आणि खिडकीतून आत टाकलं.

क्षणभराने ते खिडकीतून परत आलं. दोन बोटांत धरलेलं.

"हे वापस घ्या," गावंडेभाऊ म्हणाले. "कंडक्टरचं तिकीट नसते, सर. तो गाडीतच असते."

माझ्या उशाखालच्या त्या नऊ तिकिटांत त्यांचं तिकीट का नव्हतं, ते मला तेव्हा कळलं. मी ती पट्टी सदऱ्याच्या खिशात ठेवली, स्टूल दाराजवळ आणखी थोडं सरकवलं आणि बसलो. फाटकाशी सुमन डबा घेऊन उभी होती. मी चिमटा दोनदा वाजवला.